कोंबडीच्या पायांतील कडें

ख्रिस्तपूर्व ४५ सालीं सिसेरोनें ‘अकॅडेमिका’ या नांवानें कांहीं तत्त्वज्ञानविषयक संवाद लिहिले. मनुष्याला निःसंशय ज्ञान होऊं शकतें कीं नाहीं, हा त्यांतील मुख्य वाद. संशयवाद्यांचें म्हणणें असें कीं, जगांत एकमेकींसारख्या दिसणाऱ्या वस्तु इतक्या आहेत कीं, डोळ्यांवर विसंबून ‘ही तीच’ असें छातीठोकपणें कोणासही म्हणतां यावयाचें नाहीं. आणि अशा साम्याचें ठरलेलें उदाहरण म्हणजे दोन अंडीं. त्यावर लुकलस नांवाचें पात्र उत्तर देतें कीं, डेलॉस बेटावर पोटासाठीं पुष्कळशा कोंबड्या बाळगणारे लोक होते, व ते अंडें नुसतें पाहून तें कोणत्या कोंबडीनें घातलें हें सांगत असत. यापुढें त्या संवादांत येणारें उत्तर मोठें मार्मिक आहे. डेलॉसकरांना तें येत असेल तर येवो. आम्हांला येत नाहीं, एवढें आमच्या मुद्द्यास पुरे आहे, असा त्याचा आशय.

तत्त्वज्ञांनीं हा वाद तेथेंच सोडला. पण ज्यांना कोंबड्या पाळावयाच्या होत्या त्यांना तो सोडतां येईना. ‘ही कोंबडी कोणाची ?’, ‘ही कोंबडी कोणती ?’ आणि ‘ही कोणापासून झाली ?’ असे तीन प्रश्न त्यांच्यापुढें एकामागून एक उभे राहिले. दिसावयास ते एकाच जातीचे. परंतु पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत येण्यास मनुष्याला दोन हजार वर्षें लागलीं, आणि तिसऱ्याचें उत्तर आलें तेव्हां तें कोणाच्याच सोयीचें ठरलें नाहीं. चिंधी, कडें, बोटांमधील भोंक असल्या क्षुल्लक खुणांच्या इतिहासांत हा प्रवास कसा दडला आहे तें येथें सांगण्याचा विचार आहे.

कोंकणांतील आमच्या घरीं कोंबडी पाळण्याचा प्रश्नच नव्हता. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत ग्राम्यकुक्कुट वर्ज्य सांगितला आहे, हें आमच्या आजीस ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. पण वर्ज्य आहे एवढें ठाऊक होतें. तथापि कोंबडीला हें कोण सांगणार ? शेजारच्या एका तांबड्या कोंबडीनें आमच्या गोठ्यांतील गवताच्या भाऱ्यामागें आपली जागा ठरविली होती. आठपंधरा दिवसांनीं तेथें अंडीं सांपडत आणि मग दोन घरच्या बायका त्यांवर हक्क सांगावयास येत. एकीच्या कोंबडीच्या पायाला निळी चिंधी बांधलेली होती, दुसरीच्या कोंबडीला कांहींच नव्हतें, आणि दोघी आपापल्या परीनें खऱ्या होत्या. अडचण एवढीच होती कीं, अंड्याला चिंधी नसते. आजी दारांत उभी राहून काठीच्या टोंकानें निम्मीं इकडे, निम्मीं तिकडे सरकवी, आणि एखादें उरलेंच तर तें गड्याच्या पोराच्या वांट्याला जाई. हा न्याय शहाणपणाचा असला तरी तो ज्ञानाचा नव्हता, हें मला फार उशिरां कळलें.

जनावरावर खूण करण्याची कल्पना मुळांत ओळखीची नव्हे, मालकीची आहे. आपल्याकडे ती फार जुनी. अथर्ववेदाच्या सहाव्या कांडांत वासरांच्या कानांवर तांबड्या धातूच्या सुरीनें खूण करण्याच्या प्रसंगाचें एक सूक्त आहे. पाणिनीनें तर व्याकरणाच्या ओघांत या खुणांची यादीच देऊन ठेविली आहे. ‘कर्ण’ शब्दाशीं समास होतांना पूर्वपदाचा शेवटचा स्वर केव्हां दीर्घ होतो आणि केव्हां होत नाहीं हें सांगतांना तो आठाची खूण, पांचाची खूण, मणि, स्वस्तिक, स्रुवा, भोंक, चीर अशीं कानांवरील चिन्हें मोजतो. गुराख्याच्या सुरीनें काढलेली रेघ अशी वैयाकरणाच्या सूत्रांत टिकून राहिली. कौटिल्याचा गोऽध्यक्ष याहून पुढें जातो. डाग, अंगावरील उपजत चिन्ह, रंग आणि दोन शिंगांतील अंतर या चारही गोष्टी त्यानें प्रत्येक जनावराविषयीं नोंदून ठेवाव्यात असें अर्थशास्त्र सांगतें. शिंगांतील अंतर मोजावयास लावणारा हा ग्रंथकार सरकारी कामाचा किती जाणता होता ! डाग खोटा पाडतां येतो, शिंगें हलवितां येत नाहींत.

परंतु या सगळ्या व्यवस्थेंत कोंबडी कोठेंच नाहीं. पक्ष्यांवर कायद्यानें खूण करण्याचें प्रसिद्ध उदाहरण पाहावयाचें तर इंग्लंडांत जावें लागतें. आणि तेथेंही तो मान हंसाला मिळाला, कोंबडीला नाहीं. १४८२ सालच्या एका कायद्यानें असें ठरलें कीं, वर्षाला निदान पांच मार्क उत्पन्नाची जमीन ज्याच्याजवळ असेल त्यानेंच हंसांवर आपली खूण करावी. ही खूण चोंचीवर खांचा पाडून करीत. सरदारांच्या, मठांच्या, गांवांच्या अशा नऊशेंहून अधिक खुणा जुन्या वह्यांतून चित्रांसह नोंदलेल्या आहेत. थेम्स नदीवर प्रतिवर्षी जुलै महिन्यांत हंसांची मोजदाद अद्यापि होते. रंगाऱ्यांच्या संघाची चोंचीवर एक खांच आणि मद्यविक्रेत्यांच्या संघाच्या दोन, असा पूर्वीचा संकेत होता. आतां चोंच न कापतां पायांत कडें घालतात. या कायद्याचा हेतु हंसाची ओळख पटविणें हा नव्हता. हंस कोणीं बाळगावा आणि कोणीं बाळगूं नये, हें ठरविणें हा होता.

कोंबडीला असला कायदा मिळाला नाहीं याचें कारण उघड आहे. तिची किंमत थोडी, आयुष्य थोडें, आणि दिवेलागणीला ती आपण होऊन आपल्या खुराड्यांत परतते. ज्या जनावराला स्वतःचें घर ठाऊक आहे त्याच्या मालकीचा पुरावा तें स्वतःच होय. निळी चिंधी लागते ती दिवसाउजेडीं दोन खुराड्यांतील कोंबड्या एकाच उकिरड्यावर चरतात तेव्हां. म्हणून ‘कोणाची’ हा प्रश्न कोंबडीच्या बाबतींत कधींच फार कठीण झाला नाहीं.

दुसरा प्रश्न कठीण होता. पण तो पडावयास शेंकडों कोंबड्या एका छपराखालीं याव्या लागल्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अमेरिकेंतील शहरें वाढलीं, आगगाडीनें अंडीं दूर जाऊं लागलीं, आणि दहा-वीस कोंबड्यांच्या जागीं चारपांचशें कोंबड्यांचे कळप झाले. दहा कोंबड्या असल्या म्हणजे घरधनिणीला प्रत्येकीचें अंडें डेलॉसकरांप्रमाणें ओळखतां येतें. तें अवघडही नाहीं, कारण एका कोंबडीचीं अंडीं आकार, रंग व कवचाचा पोत यांत बरींचशीं सारखीं असतात. पांचशेंच्या कळपांत ही विद्या चालत नाहीं. पांचशेंतील कांहीं कोंबड्या पोटभर दाणे खाऊन वर्षांत पन्नाससुद्धां अंडीं देत नसतील, आणि कांहीं दोनशें देत असतील. सगळ्यांचीं अंडीं एकाच टोपलींत पडल्यावर हें कळावें कसें?

यावर जी युक्ति निघाली तिला सांपळ्याचें खुराडें म्हणतां येईल. कोंबडी अंडें घालावयास पेटींत शिरली कीं तिच्या धक्क्यानें मागचें दार पडतें. ती आंत अडकून राहते. राखणदार फेरीवर येतो, दार उघडतो, तिच्या पायांतील कड्यावरचा आंकडा वाचतो, तोच आंकडा व तारीख शिसपेनीनें अंड्यावर लिहितो, वहींत खूण करतो आणि तिला सोडतो. ऐकावयास सोपें, परंतु या फेऱ्या दिवसांतून अनेक वेळां आणि वर्षाच्या तीनशें पांसष्ट दिवसांत करावयाच्या असतात. कोंबडीला रविवार नाहीं. एक फेरी चुकली तर आंत एक अंडें आणि बाहेर तिष्ठणाऱ्या दोघींचीं दोन अंडीं जमिनीवर, म्हणजे तेवढी नोंद कायमची गेली. शास्त्राच्या इतिहासांत दुर्बिणी व सूक्ष्मदर्शक यांचीं वर्णनें पुष्कळ आढळतात. या पेटीचें वर्णन कोणी करीत नाहीं. वस्तुतः एका प्राण्याचें आयुष्यभराचें कार्य दिवसादिवसानें लिहून ठेवण्याचें इतकें स्वस्त साधन दुसरें क्वचितच निघालें असेल. आणि या साधनाचा सगळा भार पायांतील त्या लहानशा कड्यावर होता. कडें गळलें कीं कोंबडी पुन्हा अनोळखी.

अमेरिकेंतील मेन संस्थानांत ओरोनो येथें सरकारी कृषिसंशोधनकेंद्र होतें. तेथील प्राध्यापक गॉवेल यानें १८९८ च्या सुमारास पट्टेरी प्लिमथ रॉक जातीच्या कोंबड्यांवर एक प्रयोग आरंभिला. त्याचा हेतु एका वाक्यांत सांगतां येईल: निवड करून अंडीं वाढवावयाचीं. सांपळ्याच्या खुराड्यानें प्रत्येक तलंगेच्या पहिल्या वर्षाचा हिशेब ठेवावयाचा. जिनें सुमारें दीडशेंहून अधिक अंडीं दिलीं तिलाच पुढच्या पिढीची आई होऊं द्यावयाचें, आणि कोंबडे निवडावयाचे ते दोनशें अंडीं घालणाऱ्या आईचे मुलगे. उत्तमांतून उत्तम निवडीत गेल्यास संतति उत्तरोत्तर चांगली होते, हें शेतकऱ्याला, घोडेवाल्याला, कुत्रीं पाळणाऱ्याला सर्वांना ठाऊक होतें. आपल्या मराठींत ‘खाण तशी माती’ म्हणतात, तेंच. यांत शंका घेण्यासारखें कांहीं आहे असें कोणास वाटलें नाहीं. गॉवेललाही वाटलें नसावें. त्यानें सुमारें दहा वर्षें ही नोंद प्रामाणिकपणें चालविली.

१९०७ सालीं रेमंड पर्ल हा तरुण जीवशास्त्रज्ञ त्या केंद्रांत आला. त्याचें वय त्या वेळीं अठ्ठावीस वर्षांचें होतें. गणिताची त्याला मोठी आवड होती, आणि गॉवेलच्या वह्या म्हणजे अशा मनुष्याला मेजवानीच होती. त्यानें व त्याचा सहकारी सरफेस यानें सगळ्या वर्षांची बेरीज-सरासरी मांडली, आणि १९०९ सालीं जो निकाल प्रसिद्ध केला तो असा कीं, इतक्या वर्षांच्या कडक निवडीनंतर कळपाची सरासरी वाढली नव्हती. उलट किंचित् उतरलीच होती. त्याहून विचित्र गोष्ट पुढेंच आहे. दोनशें अंडीं घालणाऱ्या नामांकित आयांच्या मुली इतर सामान्य तलंगांबरोबर ठेवून पाहिल्या, तेव्हां मुली आयांसारख्या निघाल्या नाहींतच, त्या सामान्य तलंगांहूनही मागें पडल्या.

हा निकाल कोणालाच आवडला नाहीं. कुक्कुटपालनाच्या नियतकालिकांतून पर्लवर बरीच टीका झाली, आणि ती नुसती अडाणीपणाची होती असें म्हणणें न्यायाचें होणार नाहीं. ज्यांनीं ‘दोनशें अंड्यांचें घराणें’ अशी जाहिरात देऊन कोंबडे विकले होते त्यांचा स्वार्थ त्यांत होताच. पण पुष्कळ साध्या मनुष्यांचा अनुभव खरोखरच निवडीच्या बाजूचा होता. वाईट कोंबड्या काढून टाकल्या तर कळप सुधारतो, हें ते डोळ्यांनीं पाहत होते. त्यांना दिसत होती ती त्या वर्षींची सुधारणा. पर्ल विचारीत होता तो पुढच्या पिढीचा प्रश्न. दोन्ही पक्ष ‘निवड’ हा एकच शब्द दोन अर्थांनीं वापरीत होते.

मग चूक कोठें झाली ? पर्लचें उत्तर असें कीं, चूक खुणेंत होती. गॉवेलच्या कड्यावरून कोंबडी कोणती हें कळत होतें. ती कोणापासून झाली हें कळत नव्हतें. निवडलेल्या सगळ्या आयांचीं अंडीं एकत्र उबविलीं जात, आणि पिलूं एकदां कवचांतून बाहेर पडलें कीं तें ‘चांगल्या घराण्यांतलें’ एवढेंच त्याच्याविषयीं सांगतां येई. दोनशें अंडीं घालणाऱ्या दोन कोंबड्या वहींत सारख्या दिसत. त्यांतील एकीचा गुण अंगचा असे, दुसरीला दाणा, हवा व नशीब यांचें साहाय्य मिळालेलें असे. १९०३ सालीं डेन्मार्कच्या योहानसेननें घेवड्याच्या बियांवर दाखविलें होतें कीं, एकाच शुद्ध वाणांतील मोठें बीं पेरा किंवा लहान पेरा, पुढील पिकाची सरासरी तीच येते. बीं दिसतें कसें आणि देतें काय, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पर्लला कोंबडींत तेंच दिसलें. कोंबड्याच्या बाबतींत तर हें अगदीं ढळढळीत आहे. कोंबडा अंडें घालीतच नाहीं. त्याची योग्यता त्याच्या मुलींच्या वहीवरून ठरावयाची, दुसरा मार्ग नाहीं. आणि त्याच्या मुली कोणत्या हें सांगावयास प्रत्येक पिलावर जन्मल्याबरोबर खूण पाहिजे.

तेव्हां कड्याचें स्थान कोंबडीकडून पिलाकडे गेलें. यांतील कारागिरी पाहण्यासारखी आहे. कोंबडीचें अंडें एकवीस दिवसांनीं फुटतें. अठराव्या दिवशीं उबवणीच्या यंत्रांतील अंडीं काढून, शिसपेनीचे आंकडे वाचून, एकेका आईचीं अंडीं वेगळाल्या जाळीच्या टोपल्यांत ठेवावयाचीं, म्हणजे पिलें आपापल्या टोपलींतच जन्माला येतात आणि त्यांच्या आईविषयीं संशय राहत नाहीं. आतां पिलावर खूण करावयाची. पायांत कडें घालावें तर तें पंधरा दिवसांत दाटतें आणि काढावयाचें राहिलें तर मांसांत रुततें. म्हणून बोटांमधील पातळ पडद्याला चिमट्यासारख्या हत्यारानें बारीक भोंक पाडण्याची रीत आली. प्रत्येक पायाला असे दोन पडदे, दोन्ही पायांचे मिळून चार. प्रत्येक पडद्याला भोंक असेल किंवा नसेल. म्हणजे मुळींच भोंक नसलेलें पिलूं धरून सोळा खुणा होतात. सोळा कुटुंबें एका कळपांत निर्वेधपणें वेगळीं राहूं शकतात. भोंक स्वच्छ पडलें पाहिजे. अर्धवट तुटलेला पडदा पुन्हा भरून येतो, आणि मग उजव्या पायाच्या आंतल्या भोंकाचें घराणें बिनभोंकाच्या घराण्यांत मिसळून जातें. सोळांनीं भागेना तेव्हां पंखाच्या पुढील पातळ कातडींतून आंकडे छापलेली अल्युमिनियमची पट्टी ओवूं लागले. ती पिलाबरोबर वाढीच्या आड येत नाहीं आणि पिसांखालीं झांकून राहते. वाढलेल्या कोंबडीच्या पायांत मग सेल्युलॉइडचीं रंगीत वळीं चढत, दुरून ओळखतां यावी म्हणून.

येथें एक गंमत सांगावीशी वाटते. वंशावळीला इंग्रजींत ‘पेडिग्री’ म्हणतात. हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला असून त्याचा मूळ अर्थ ‘क्रौंचाचा पाय’ असा आहे. जुन्या वंशावळींत बापाच्या नांवापासून मुलांच्या नांवांकडे ज्या फांटे फुटलेल्या रेघा काढीत, त्या पक्ष्याच्या पावलासारख्या दिसत, म्हणून हें नांव. पक्ष्याच्या पायावरून नांव पडलेली ती वंशावळ पांचशें वर्षांनीं पक्ष्याच्याच पायावर कोरली गेली.

ज्या पायांत हें कडें घातलें त्या पायाचा रंगही निराधार नाहीं. प्लिमथ रॉकचे पाय पिंवळे असतात. डार्विननें १८६८ सालीं सर्व पाळीव कोंबड्यांचें मूळ एका तांबड्या रानकोंबड्यांत दाखविलें, आणि तें बहुतांशीं टिकलें आहे. परंतु २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत असें आढळलें कीं, पिंवळ्या कातडीचा गुण त्या तांबड्या रानकोंबड्याचा नसून करड्या रानकोंबड्याचा आहे. हा करडा रानकोंबडा केवळ भारतीय द्वीपकल्पांत राहतो. आपल्या सह्याद्रींत पहांटे त्याचें तुटक आरवणें ऐकूं येतें. मेन संस्थानच्या बर्फांत गॉवेलचें कडें ज्या पिंवळ्या पायांत चढलें, त्या पायावर आमच्या घांटाची खूण आधींच होती. पुढें हा पिंवळेपणाच एक साक्षीदार झाला. १९१५ सालीं कनेक्टिकट संस्थानांतील स्टॉर्स येथें ब्लेक्स्ली व वॉर्नर यांनीं दाखविलें कीं, कोंबडी अंडीं घालूं लागली म्हणजे तिचा पिंवळा रंग अंड्यांतील बलकांत जाऊं लागतो आणि चोंच, मग पाय, हळूहळू पांढरे पडतात. पिंवळेधमक पाय म्हणजे आळशी कोंबडी. सांपळ्याचें खुराडें ज्यांना परवडत नव्हतें, त्यांना ही निसर्गाची वही फुकट मिळाली.

निसर्गाची दुसरी खूण याहून महत्त्वाची ठरली, आणि तिचा परिणाम मला अजून अस्वस्थ करतो. मेंडेलचा नियम प्राण्यांतही चालतो हें दाखवितांना १९०२ सालीं इंग्लंडांत बेटसननें कोंबड्यांचे तुरे घेतले होते. त्याचा सहकारी पनेट यानें पहिल्या महायुद्धांत, दाण्याची टंचाई असतांना, सुचविलें कीं कांहीं रंग नर-मादीच्या भेदाशीं जोडलेले असल्यामुळें एक दिवसाच्या पिलाचें लिंग त्याच्या लवेवरून सांगतां येईल, म्हणजे अंड्यांच्या धंद्याला निरुपयोगी नरांना पोसावें लागणार नाहीं. तांबूस जातीचा कोंबडा आणि रुपेरी जातीची कोंबडी यांच्या मुली तांबूस होतात व मुलगे फिकट. १९२९-३० च्या सुमारास त्यानें व पीजनें केंब्रिज येथें ‘कँबार’ नांवाची जात तयार केली. तिच्यांत ही खूण पिढ्यान्‌पिढ्या आपोआप उमटते. इकडे जपानांत मासुई आणि त्याचे सहकारी यांनीं पिलाच्या गुदद्वाराच्या आंतील अतिसूक्ष्म फरकावरून लिंग ओळखण्याची रीत शोधिली, आणि १९२७ सालीं ओटावा येथील जागतिक कुक्कुटपरिषदेंत ती मांडली. या विद्येंत तरबेज झालेले लोक तासाला हजाराच्या घरांत पिलें तपासतात. बोटें पिलूं उचलतात, अंगठा दाबतो, आणि पिलूं डावीकडे किंवा उजवीकडे पडतें. उजवीकडच्याला दाणा मिळतो. डावीकडच्याचें आयुष्य तेथेंच संपतें. जर्मनीनें २०२२ सालच्या आरंभापासून ही हत्या कायद्यानें बंद केली. जगांतील बहुतेक ठिकाणीं ती चालू आहे. हंसाच्या चोंचीवरील खांचेनें मालक ठरत होता. या खुणेनें जगणें ठरतें.

पर्लकडे परत येऊं. त्याच्या नव्या नोंदींतून, म्हणजे संततीवरून आईबापांची परीक्षा करण्याच्या पद्धतीनें, केंद्रांतील सरासरी पुढें चढली. अंडीं घालण्याच्या गुणाविषयीं त्यानें १९१२ सालीं बांधलेला सिद्धांत मात्र टिकला नाहीं. त्याला एकदोन घटकांनीं सगळें उलगडेल असें वाटलें होतें. वस्तुतः तो गुण शेंकडों घटकांनीं मिळून बनतो. सिद्धांत गेला आणि खूण राहिली. शास्त्रांत असें पुष्कळ वेळां होतें.

१९१८ सालीं तो जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत गेला, आणि कोंबड्यांऐवजीं मनुष्यांचे जन्ममृत्यु मोजूं लागला. त्या काळांत सुप्रजाजननशास्त्राची, म्हणजे उत्तम माणसांनींच संतति वाढवावी व ‘हीनांची’ रोखावी या मताची, अमेरिकेंत मोठी लाट होती. पर्लही आरंभीं त्याचा प्रशंसक होता. १९०८ सालीं त्यानें त्याच्या बाजूनें लिहिलें होतें. १९२७ सालच्या मे महिन्यांत अमेरिकेच्या वरिष्ठ न्यायालयानें सक्तीच्या निर्बीजीकरणाचा कायदा उचलून धरला. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत पर्लनें ‘अमेरिकन मर्क्युरी’ मासिकांत एक लेख लिहून या मताच्या मुळावरच घाव घातला. त्याचा मुद्दा वीस वर्षांपूर्वीं ओरोनोच्या खुराड्यांत शिकलेलाच होता. आईबापांची थोरवी पाहून मुलांची थोरवी सांगतां येत नाहीं; कोंबड्यांत आम्हीं हें करून पाहिलें आणि हात पोळून घेतले. ‘एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका’ काढून त्यानें थोर पुरुषांचे बाप आणि मुलें तपासलीं. बहुतेकांचे आईबाप सामान्य, आणि मुलेंही सामान्य.

या लेखामुळें पर्ल सर्व पूर्वग्रहांतून मुक्त झाला असें मात्र कोणी समजूं नये. ज्यूंविषयीं त्याचे विचार पत्रांतून दिसतात ते शोभादायक नाहींत. मनुष्याला एका वहींत जें दिसतें तें तो दुसऱ्या वहींत पाहतोच असें नाहीं. तरीही ज्या वर्षीं पुण्यामुंबईकडे सुप्रजाजननाचा शब्द सुशिक्षितांच्या बोलण्यांत नव्यानें रुळत होता, आणि कुळ पाहून मुलगी देण्याच्या चालीला शास्त्राचा आधार सांपडला म्हणून कांहींना आनंद होत होता, त्याच वर्षीं हा इशारा छापला गेला होता हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. त्यांतील साक्षीदार दहा वर्षें पायांत कडें घालून पेटींत अंडीं देणाऱ्या पट्टेरी कोंबड्या होत्या. त्या घराण्याच्या बाजूनें बोलल्या नाहींत.

आज अंड्यांच्या मोठ्या कारखान्यांत फिरलें तर एकाही कोंबडीच्या पायांत कडें दिसणार नाहीं. कडें किंवा पंखांतील पट्टी असते ती फक्त मूळ वाण राखणाऱ्या थोड्या कंपन्यांच्या निवडक कळपांत. तेथें प्रत्येकीचें अंडें यंत्र वाचतें आणि पिढ्यांचा हिशेब गणकयंत्रांत राहतो. त्यांच्या पणत्या जगभर पिंजऱ्यांतून व छपरांखालून हजारोंनीं बसतात, आणि त्या एकमेकींसारख्या निघाव्यात यासाठींच तो सगळा हिशेब असतो. युरोपीय संघांत २००४ सालापासून अंड्यावरच शिक्का मारतात. पहिला आंकडा कोंबड्या कशा ठेवल्या तें सांगतो, शून्य म्हणजे सेंद्रिय रीतीनें, एक म्हणजे मोकळ्या चरणाऱ्या, दोन म्हणजे छपराखालीं मोकळ्या, तीन म्हणजे पिंजऱ्यांत. पुढचीं अक्षरें देश सांगतात, आणि त्यापुढचे आंकडे पाळणारा. गोठ्यांतील आमच्या त्या अंड्यांवर हा शिक्का असता तर दोन घरचें भांडण आजीला चटकन मिटवितां आलें असतें. अंडें कोणत्या कोंबडीनें घातलें हें मात्र त्यावरूनही कळलें नसतें.